सुकलेलं पाणी

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांच्या पुढ्यात हिरवळ असते आणि हिरवळीला लागून गाड्या लावायची जागा. हिरवळीवर फिरता फवारा, फवाऱ्याला बोअरचं पाणी. आपला फेरा पुरा करताना तो कडेच्या दगडांपलीकडे दोन हात जातो आणि पहिल्या रांगेतल्या गाड्यांची एक बाजू रोज न सांगता भिजवून येतो. पाळी सुटायच्या वेळी, उन्हं तिरपी झाल्यावर त्या गाड्या बघाव्यात. समोरून काही दिसत नाही. थोडं कडेला सरकून रंगावरून नजर घसरू दिली की दारांवर, आरशाच्या टोपणावर, मागच्या काचेवर पांढुरकी वर्तुळं एकेक करून वर येतात. फवाऱ्याच्या बाजूला दाट, पलीकडे जाताना विरळ. उभ्या पत्र्यावर थेंब ओघळलेला असतो, म्हणून वर्तुळाला खाली शेपटी. टपावर शेपटी नसते.

अशा डागांकडे बघत राहायला मला आवडतं, आणि ते नीट काढणाऱ्या हातांकडे त्याहून जास्त. गाडीधुणीची बहुतेक चर्चा 'काय लावलं म्हणजे जाईल' इथून सुरू होते. डाग आधी वाचावा लागतो, हे त्या चर्चेत कुठेच येत नाही.

वाचायला फार कठीण नसतो तो. भर दुपारी पाइप मारून गाडी तशीच सोडली असेल तर बॉनेटवर आणि टपावर मोठे, वेडेवाकडे धब्बे पडतात; शिवाय दाराच्या मुठीखाली, नंबरप्लेटच्या स्क्रूखाली आणि कंपनीच्या बिल्ल्याखाली एकेक सरळ ओघळ, कारण पाणी तिथे लपून बसतं आणि गाडी हलली की बाहेर पडतं. कूलरखाली लावलेल्या गाडीवर एकाच जागी थेंबावर थेंब पडून डागाचा चांगला जाड खवला झालेला असतो. वळवाच्या सरीचे डाग मातकट असतात, ओल्या फडक्याने निघून जातात. त्यांची दखल घेण्याचं कारण नाही. सगळ्यांत वाईट हस्ताक्षर गळक्या स्लॅबचं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये काँक्रीटमधून झिरपलेलं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून खाली आणतं आणि गाडीवर त्याचे घट्ट पांढरे अश्रू साचतात. हे पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं. दोन-तीन आठवडे तसंच राहू दिलं तर पांढरा थर निघाला तरी खाली त्याच्या आकाराची खळगी सापडते.

थेंब सगळीकडून सारखा सुकत असता तर मधोमध एक फिकट ठिपका उरला असता. उरतं ते कडं. याचा उलगडा शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन, सिडनी नेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली केला, तोही सांडलेल्या कॉफीच्या डागावरून. थेंबाची कड पृष्ठभागाला पकडून बसते, मागे सरत नाही. कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून तिथलं पाणी आधी उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी बाहेरच्या बाजूला वाहत राहतं आणि जाताना पोटातलं सगळं कडेला नेऊन टाकतं. दारावरचं प्रत्येक वर्तुळ म्हणजे अशा काही मिनिटांच्या वाहण्याचा नकाशा. काही डागांत एकात एक दोन-तीन कडी दिसतात. तिथे थेंबाची पकड मध्येच सुटली, थेंब आकसला आणि पुन्हा अडखळून बसला. मला हे एकात एक कड्यांचे डाग विशेष आवडतात. काळ्या रंगावर, ट्यूबलाइटच्या उजेडात ते बघावेत.

आता त्या पाण्याच्या पोटात काय होतं ते. चिकलठाण्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या खडकाच्या पोकळ्यांत पाण्याने फार मोठी कलाकुसर करून ठेवली आहे: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) भागातल्या विहिरींतून आणि खाणींतून निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले असतात. वरच्या काळ्या जमिनीतही चुनखडीचे खडे असतात, मोसंबीवाल्यांना ते चांगले ठाऊक आहेत. पावसाचं पाणी या मातीतून खाली उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याने किंचित आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात उचलून बोअरपर्यंत आणतं. बॉनेटवर पाणी उडालं की अर्धा वायू निघून जातो आणि उरतं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तेच कॅल्साइट. संग्रहालयातला स्फटिक आणि दारावरचा डाग एकाच घराण्यातले. एकाला भरपूर काळ मिळाला, दुसऱ्याला मे महिन्यातली दहा मिनिटं.

छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून पाणी येतं, पण ते येतं काही दिवसांच्या अंतराने. १९७६ साली पुरं झालेलं जायकवाडी धरण उशाशी असूनही नळाच्या पाण्याने गाडी धुणं या शहरात चैनीचंच आहे. म्हणून वॉशिंग सेंटरला बोअर, सोसायटीला बोअर, दोन्ही आटले की टँकर, आणि टँकरही कुठल्या तरी बोअरवरच भरलेला. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. प्यायला चालणारं ६००चं पाणी काळ्या बॉनेटला अजिबात चालत नाही. एक लिटर असं पाणी सुकलं तर चिमूटभर पूड मागे राहील. गाडीवर ती चिमूट शेकडो कड्यांत वाटली जाते.

हल्ली अनेकांकडे टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र असतं आणि त्याचा आकडा कुंडलीतल्या मंगळासारखा सांगितला जातो. विरघळलेलं एकूण किती, एवढंच ते सांगतं. त्यातलं चिकटणारं किती आणि नुसतं पुसून जाणारं किती, याबद्दल यंत्र गप्प. याहून मोठा घोटाळा घरच्या आरओचा. आरओतून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत धरायचं आणि त्याने गाडी धुवायची, असा सल्ला बचतीच्या उत्साहात सर्रास दिला जातो. यंत्राने आपल्या प्यायच्या पाण्यातून जे क्षार काढले ते सगळे त्या बादलीत आहेत! त्या पाण्याने फरशी पुसा, पायऱ्या धुवा. गाडीला हात लावू नका.

डाग बसतो कशावर, हेही बघायला हवं. वाहनांचं हे शहर. बजाज १९८५ साली वाळूजला आली. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या पुढे, शेंद्र्याला २००१ साली स्कोडाची जुळणी सुरू झाली. आणि २०१०च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्याची बातमी देशभर गाजली. रंगाची हौस इथे आहेच. त्या रंगाची जाडी मात्र कोणी विचारात घेत नाही. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५०, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी, खोली, पत्र्यात दिसणारं आभाळ, हे सगळं त्या वरच्या थरात आहे. उन्हात काळा पत्रा ७० अंशांच्या आसपास तापतो, क्लिअर कोट जरा मऊ पडतो आणि थेंबाच्या कडेला घट्ट होत गेलेले क्षार त्यात रुततात. थेंब भिंगासारखं ऊन एकवटून रंग जाळतो ही समजूत फार पसरलेली आहे. पण पत्र्यावर बसलेल्या चपट्या थेंबाने एकवटलेले किरण पत्र्याच्या पलीकडे कुठे तरी जुळतील. पत्र्यावर जुळायला थेंबाला अधांतरी लटकावं लागेल.

डागाची ही दोन रूपं, वर बसलेला आणि आत रुतलेला. उघड्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात. जालना रोडच्या आत एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली रबिंग-पॉलिशचं काम चालतं. तिथल्या मुलाला मी हा फरक ओळखताना पाहिलं आहे. गाडी सावलीत घेतो, पत्रा गार होऊ देतो, शाम्पूने धुतो. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि बोटं हलकेच फिरवतो. पिशवीतून बोटाला खरखर जास्त कळते, कशी ते करून बघावं. खरखर लागली तर डाग वर आहे. बोट सुळकन गेलं आणि तरीही डोळ्याला कडं दिसतंय, तर काम अवघड. डाग ओला करून तो पुन्हा बघतो. ओलेपणी नाहीसा झालेला डाग सुकल्यावर परत आला, तरी लगेच निष्कर्ष काढत नाही. कपडा फिरवतो, टॉर्च लावतो, वाकून बघतो. घाई नसते. गिऱ्हाइकाला असते.

वर बसलेल्या डागाला तो पांढरं व्हिनेगर घेतो, निम्मं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिसळून. सुती फडकं त्यात भिजवून डागावर नुसतं ठेवतो. घासत नाही. मिनिटभर, फार तर दोन. हा सगळ्या प्रकरणातला सुंदर भाग. भिंग असेल तर फडकं उचलल्यावर कड्यावर बारीक बुडबुडे दिसतात. पाणी सुकताना अर्धा वायू उडून गेला होता. उरलेला अर्धा, पांढऱ्या क्षारात अडकलेला, आता सुटतो. पावसाने मातीतून उचललेलं पुरतं परत केलं. इथे हाताचं श्रेय एवढंच की तो मध्ये येत नाही.

तांब्यावर चिंच चोळणाऱ्या आजीला हे कळलं असतं, ठिबकच्या तोट्या चुन्याने तुंबल्या की नळ्यांत ॲसिड सोडणाऱ्या शेतकऱ्यालाही, आणि बॉयलरला स्केल धरू नये म्हणून सॉफ्टनर सांभाळणाऱ्या एमआयडीसीतल्या ऑपरेटरला तर अगदी सूत्रासकट. प्रश्न मात्रेचा आहे. संडास धुवायच्या ॲसिडने डाग दहा सेकंदांत जातो हे खरंच आहे. त्याच्याबरोबर अलॉय व्हीलची झळाळी, दाराच्या पट्ट्यांची चकाकी आणि फटीत उतरलेल्या ओघळाने आतला पत्राही जातो. गरम पाण्याने क्षार विरघळेल ही कल्पना त्या मानाने निरुपद्रवी, पण चुकीचीच. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते त्यामुळेही. भांडी घासायची पूड घेऊन बॉनेटवर गोल गोल हात मारणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. डाग गेला. त्या जागी गोल गोल ओरखडे आले, ते आता प्रत्येक दिव्याखाली चमकतात.

संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. त्याचं शास्त्र इथे अडत नाही. सौम्य ते आधी, त्याने न जमल्यास पुढचं. व्हिनेगरने न हललेल्या डागावर क्ले फिरवून बघायचा, मग मऊ फोमच्या चकतीवर बारीक पॉलिश, आणि अगदीच गरज पडली तर कंपाउंड. ही चढण जो पायरी न चुकवता चढतो तो कारागीर; जो थेट वरच्या पायरीवरून सुरुवात करतो त्याच्याकडे काम लवकर होतं आणि गर्दीही जास्त असते. मशिनच्या आवाजावरूनही पुष्कळ कळतं. दाबून धरलेलं मशिन कण्हतं. हलका हात असेल तर आवाज एकसारखा राहतो आणि चकती फिरताना दिसत राहते. हा मुलगा दोन-दोन फुटांचा चौकोन घेतो, आडवं-उभं सावकाश नेतो, थांबतो, पुसतो, बघतो. चौकोनाच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुठे संपला, कुठे सुरू झाला ते दाखवता येत नाही.

आणि मग तो अल्कोहोलने पुसतो. अर्ध्या बाजाराची फसवणूक या एका पुसण्यात उघडी पडते. पॉलिशात तेलं असतात. ती ओरखड्यांत आणि खळग्यांत भरून बसतात, गाडी आरशासारखी दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, आणि तीन-चार धुण्यांनंतर जुनी कडी जागच्या जागी हजर. अल्कोहोलने तेल निघून जातं, उरतं ते खरं. भडक प्रकाशात, लोकरी चकतीने घाईत केलेल्या कामाचे पंख्यासारखे फराटे तेव्हा दिसतात. या धंद्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. ओलं आणि तेलकट सगळंच सुंदर दिसतं. रसिकाने कोरडा पत्रा मागावा.

सिरॅमिक कोटिंगबद्दल दोन शब्द. त्यावर पाण्याचे थेंब टपोरे उभे राहतात, जाहिरातीत छान दिसतात. टपोरा थेंब वाहून गेला तर उत्तमच. उन्हात जागीच सुकला तर त्याचे सगळे क्षार छोट्या जागेत एकवटतात आणि कडं अधिक ठसठशीत उठतं. कोटिंगचा उपयोग असा की ते कडं बरेचदा कोटिंगवरच थांबतं, खाली रंगापर्यंत पोचत नाही. डागच पडत नाहीत असं सांगून ते विकणाऱ्याने चिकलठाण्याचं पाणी पाहिलेलं नसतं.

काचेची गोष्ट रंगाहून वेगळी आहे, आणि तिथे नुसत्या सौंदर्यावर भागत नाही. समोरच्या काचेवर वायपरच्या दोन कमानी स्वच्छ असतात, कोपरे आणि मधला त्रिकोण धुरकट. दिवसा ते जाणवत नाही. रात्री जालना रोडवर समोरून ट्रकचा प्रखर दिवा आला की प्रत्येक कडं स्वतःचा प्रकाश फेकतं आणि क्षणभर पुढचा रस्ताच पांढरा होतो. काचेवरच्या डागाला व्हिनेगर लावलं की चुन्याचा भाग जातो, पण बरेचदा त्या जागी एक फिकट भूत उरतं. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात सिलिकाही असतो. तो व्हिनेगरला दाद देत नाही, लिंबूसत्त्वाला देत नाही. काच स्वतः मुख्यतः सिलिकाची. डागही त्याच जातीचा. एकाला विरघळवेल ते दुसऱ्यालाही विरघळवणार. असं करणारं आम्ल आहेही, हायड्रोफ्लोरिक. काच तर खातंच, कातडीतून शिरून हाडांपर्यंत जातं. काही जालीम ग्लास क्लीनरांत त्याची भावंडं असतात. बाटलीवर काय काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती बाटली परत करावी.

उपाय आहे सेरियम ऑक्साइडचा. बारीक पूड, पाण्यात कालवून नमद्याच्या चकतीने लावायची. दुर्बिणींचे आरसे आणि चष्म्यांच्या काचा याच पुडीने घासून लखलखीत करत आले आहेत. लेप सुकू द्यायचा नाही, काच तापू द्यायची नाही, एकाच जागी रेंगाळायचं नाही; रेंगाळलं की तेवढ्यापुरती काच खोलगट होते आणि तिच्यातून बघताना पुढची गाडी किंचित वाकते. वायपरच्या कमानीत, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर तो मुलगा पुडीचा हात अगदी जपून लावतो. कोपऱ्यांत मोकळेपणाने. मागच्या काचेच्या बाहेरून निर्धास्त. आतून मात्र नाही, कारण दव घालवणाऱ्या तांबूस रेषा आतल्या बाजूला असतात. हे तारतम्य त्याला कोणी लिहून दिलेलं नाही.

डाग पडूच नयेत यासाठी फार काही करावं लागत नाही. गाडी सावलीत किंवा पहाटे धुवायची, आणि शेवटचं पाणी सुकायच्या आत टॉवेलने टिपून घ्यायचं. सोसायट्यांत महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारी मंडळी पहाटे पाचला येतात. एकच बादली, एकच फडकं, त्याने बारीक ओरखडे पडतात, हे सगळं कबूल. पण त्यांच्या हातच्या गाड्यांवर क्षाराचे डाग मी क्वचितच पाहिले. पत्रा गार असतो आणि पाणी फडक्यातच राहतं. एका बादलीत भागतं, ही या प्रांतात लहान गोष्ट नव्हे; २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. हौस असेल तर एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बाटलीत धरावं. ते हवेतून आलेलं, क्षार नसलेलं. बॉनेटवर शेवटचा फवारा त्याचा मारला तर सुकलं तरी मागे काही राहत नाही.

शेडमधल्या त्या मुलाचं एक काम मी शेवटपर्यंत उभं राहून पाहिलं. काळी सेडान, गळक्या स्लॅबखाली बरेच दिवस उभी राहिलेली. बॉनेटवर सहा-सात जागी खळगी. त्याने जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक खळगीशेजारी टेकवलं, आकडे मनातल्या मनात म्हटले आणि मग कामाला लागला. दुपार कलली तोवर बॉनेटमध्ये शेडचे पत्रे, त्यांची भोकं आणि भोकांतलं ऊन स्पष्ट दिसायला लागलं होतं. कडेच्या धारेजवळ, जिथे पत्रा वळतो तिथे, एक कडं मात्र होतं तसंच होतं. गाडीमालक काकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"हा एक राहिला की रे."

"तो राहू द्या काका. धारेवर रंग पातळच असतो, त्यात आधी कोणीतरी जोरात रबिंग केलंय तिथं. अजून मशिन लावलं तर खालचा थर दिसंल."

"म्हणजे जाणारच नाही?"

"डाग जाईल. रंग पण जाईल."

काकांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग पैसे कमी करायची गोष्ट काढली. त्यावर मुलगा पहिल्यांदा चिडला. न केलेल्या कामाला जास्त वेळ लागला होता, असं त्याचं म्हणणं.